पंच कोणाचा?

‘आम्ही खाली सह्या करणारे पंच लिहून देतो की...’ घरझडतीचा पंचनामा बहुधा असा सुरू होतो. म्हणजे कागदापुरते बोलतात ते दोन नागरिक. त्यांना बोलावले, झडतीचे कारण सांगितले, त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि पाहिलेले लिहून दिले. शेवटी आणखी एक ठरलेली ओळ असते. पंचनामा वाचून पाहिला, आमच्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. त्याखाली दोन सह्या, तारीख आणि वेळ.

हा कागद पंच लिहीत नाहीत. तपास अधिकारी सांगतो, हवालदार लिहितो. पुष्कळदा मजकूर आधीच तयार असतो. पत्ता आणि मुद्देमालाची यादी तेवढी भरायची राहते. मग पंचाला सांगतात, इथे सही करा. तो करतो. त्याने स्वतः काय पाहिले, कुठून पाहिले, कपाट उघडले तेव्हा तो खोलीत होता की दारात, हे त्याला कोणी विचारलेले नसते. ज्याच्या घराची उलथापालथ झाली, त्याला तर या कागदात आवाजच नसतो. पोलिसांचे म्हणणे पंचाच्या तोंडून वदवायचे आणि त्याला नागरिकांचा पुरावा म्हणायचे, ही रीत आपल्याकडे इतकी रुळली आहे की त्यात काही वावगे आहे असे वाटेनासे झाले आहे.

कायद्याने पंच कशासाठी उभा केला, ते एकदा पाहावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ नुसार झडती सुरू करण्यापूर्वी अधिकाऱ्याने त्याच वस्तीतले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी बोलवायचे असतात. तिथे कोणी मिळत नसेल किंवा यायला तयार नसेल, तरच दुसऱ्या वस्तीतले. झडती त्यांच्यासमोर घ्यायची. काय जप्त केले आणि ते नेमके कुठे सापडले याची यादी करायची, त्यावर त्यांच्या सह्या घ्यायच्या. घरात राहणाऱ्याला किंवा त्याच्या वतीने कोणाला तरी झडतीच्या वेळी हजर राहू द्यायचे. यादीची सह्या असलेली नक्कल त्याच्या हाती द्यायची. यात नवे काही नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम १०० होते. १८९८ च्या, इंग्रजी अमदानीतल्या संहितेतही शेजारचे प्रतिष्ठित रहिवासी बोलावण्याची सक्ती होती. ‘स्वतंत्र’ ही अट १९७३ साली घातली गेली. पंच नुसता शेजारचा असून भागणार नाही, तो कोणाच्या मुठीतलाही नसावा, हे स्वतंत्र देशाच्या संसदेने मुद्दाम लिहिले.

का लिहिले, हे सांगायला कायदेपंडित लागत नाही. रात्री दारावर थाप पडते. सहा-सात माणसे घरात शिरतात. त्यांच्याकडे गणवेश आहे, शिक्का आहे, कोठडी आहे. घरच्यांकडे काहीच नाही. अशा वेळी गल्लीतले, रोजच्या ओळखीचे दोन चेहरे समोर उभे असले, की बाहेरून काही आणून ठेवणे अवघड होते. आतले दागिने यादीत न येता जाणेही अवघड होते. म्हणून तर झडतीआधी पोलिसांनी आणि पंचांनी स्वतःची अंगझडती देऊ करण्याचा प्रघात पडला. पंच हे घरमालकाचे संरक्षण आहे. प्रामाणिक पोलिसाचेही आहे, कारण खोट्या आरोपापासून त्यालाही तोच वाचवतो. पण आधी घरमालकाचे. पंच झडती घेणाऱ्याचा नाही. झडती ज्याची होते, त्याचा आहे.

व्यवहारात हे नाते उलटे झाले आहे. पंच पोलिसांच्या गाडीतून येतो. ठाण्याशेजारचा टपरीवाला, ठाण्यात नेहमी ये-जा असलेला कोणी एजंट, स्वतःवर जुना गुन्हा असलेला कोणी. एकच नाव अनेक पंचनाम्यांत सापडते. वकिलांना ती नावे पाठ असतात. न्यायालयांनाही हे नवे नाही. १९९५ साली मुंबईतल्या एका टाडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की, स्वतंत्र साक्षीदाराचा आधार नसेल तर पोलिसांची साक्ष अधिक काटेकोरपणे तपासली पाहिजे.

मुंबईचेच दुसरे उदाहरण सगळ्यांच्या लक्षात असेल. २ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री अमली पदार्थ नियंत्रण विभागाने एका क्रूझ जहाजावर कारवाई केली. ताब्यातल्या तरुणाबरोबर एका पंचाने काढलेला सेल्फी देशभर फिरला. हा पंच २०१८ च्या एका फसवणूक प्रकरणात पुणे पोलिसांना हवा होता. त्याच महिन्यात त्यांनी त्याला पकडले. दुसऱ्या पंचाने प्रतिज्ञापत्र करून सांगितले की, आपल्याकडून कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या. यंत्रणेने ते नाकारले. मे २०२२ मध्ये त्याच यंत्रणेने २० पैकी ६ जणांना पुरेशा पुराव्याअभावी आरोपपत्रातून वगळले. कोऱ्या कागदांबद्दल कोण खरे बोलत होते, हा वाद क्षणभर बाजूला ठेवू. एका यंत्रणेला हवा असलेला माणूस दुसऱ्या यंत्रणेच्या कारवाईत ‘स्वतंत्र आणि प्रतिष्ठित’ म्हणून सही करतो, एवढी गोष्ट पुरेशी आहे. हे देशातल्या सगळ्यात बोलबाला झालेल्या प्रकरणात घडले. कॅमेरे दारात होते म्हणून ते दिसले. ज्या झडतीकडे कोणाचेच लक्ष नसते, तिथे पंच कोण होता हे कोण पाहणार?

तालुक्याच्या गावाबाहेरच्या पारधी पालावर पोलीस शिरतात, तिथे हा प्रश्न अधिक बोचरा होतो. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये गेला. संशय गेला नाही. पालावरचा शेजारी हा त्याच वस्तीतला रहिवासी आहे. कायद्याच्या भाषेत तोच पहिला पंच. पण ‘प्रतिष्ठित’ म्हणून त्याला कोणी बोलावत नाही. पंच आणला जातो गावातून. पुष्कळदा तो पालावरच्या लोकांकडे आधीच संशयाने पाहणारा असतो. ज्यांना पंचाची सर्वांत जास्त गरज, त्यांच्याच वाट्याला सर्वांत परका पंच येतो. शहरातल्या झोपडपट्टीतही याहून वेगळे घडत नाही.

पोलिसांचे उत्तर ठरलेले आहे. लोक पंच व्हायला तयार नसतात. हे खोटे नाही. एकदा सही केली की पुढे कित्येक वर्षे कोर्टाच्या खेपा. रोजंदारी बुडते, मालक कटकट करतो, आरोपीची माणसे गल्लीत गाठतात, साक्षीच्या दिवशी कळते की तारीख पुढे गेली. शहाणा माणूस दार लावून घेणारच. पण कायद्याने याचाही विचार केलेला आहे. न्यायालयाने खास समन्स काढल्याशिवाय पंचाला साक्षीला यावे लागत नाही. आणि लेखी आदेश हाती देऊनही योग्य कारणाशिवाय पंच व्हायला नकार दिला, तर तो गुन्हा ठरतो. म्हणजे शेजाऱ्याला बोलावण्याची रीत लेखी आहे. किती झडत्यांत शेजाऱ्याच्या हाती असा कागद दिला जातो? ‘कोणी तयार झाले नाही’ हे वाक्य पंचनाम्यात सहज लिहिले जाते. कोणाला विचारले, कोणत्या घरी विचारले, त्याने काय कारण दिले, हे लिहिले जात नाही. ते लिहावे लागले असते, तर शेजारची दारे खरोखर ठोठावली गेली असती.

सरकारने या अडचणीवर वेगळा तोडगा काढला. महाराष्ट्रात गंभीर गुन्ह्यांत सरकारी कर्मचाऱ्यांना पंच म्हणून घेण्याची पद्धत आली. तलाठी, ग्रामसेवक, कुठल्या कार्यालयातला लिपिक. कारण असे दिले गेले की, खासगी पंच न्यायालयात जबाब फिरवतात, आरोपी सुटतात आणि शिक्षेचे प्रमाण घसरते. हा तोडगा कोणाच्या सोयीचा आहे ते उघड आहे. सरकारच्या पगारावरचा माणूस सरकारपक्षाच्या विरोधात बोलणार नाही, या भरवशावरच तो उभा आहे. पण न्यायालयात पंचनामा आपोआप सिद्ध होत नाही. पंचाने शपथेवर, स्वतःच्या तोंडाने, काय पाहिले ते सांगावे लागते. तो वेगळे सांगत असेल, तर दोन शक्यता आहेत. त्याला आरोपीने धमकावले असेल किंवा विकत घेतले असेल. किंवा तो पहिल्यांदाच खरे बोलत असेल. दुसरी शक्यता मनातच न आणता पंच निवडायचा, म्हणजे तो आधीच एका बाजूचा धरायचा. मग त्याला स्वतंत्र म्हणण्यात अर्थ उरत नाही.

हे सारे चालते, कारण ते चालवून घेतले जाते. झडती बेकायदा असली तरी तिच्यात सापडलेला पुरावा चालतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये प्राप्तिकर खात्याच्या झडत्यांच्या प्रकरणात ठरवले. मुंबईतल्या तस्करीच्या सोन्याच्या खटल्यात १९७९ मध्ये तेच पुन्हा सांगितले. झडती नियम मोडून झाली म्हणून जप्ती रद्द होत नाही; फार तर न्यायालयाने तो पुरावा अधिक बारकाईने पाहावा. पंच त्या वस्तीतले नव्हते एवढ्यावरून झडती बाद ठरत नाही, हेही वेळोवेळी सांगितले गेले. यामागचा विचार समजण्यासारखा आहे. अधिकाऱ्याच्या चुकीपायी खरा गुन्हेगार सुटू नये. पण त्याचा परिणाम असा झाला की, नियम पाळणारा अधिकारी आणि नियम मोडणारा अधिकारी दोघेही निकालाच्या दिवशी एकाच जागी उभे राहतात. मोडण्याची किंमत नाही, तर पाळण्याचे कष्ट कोण घेईल?

किंमत ठेवली की काय होते, याचा दाखला आपल्याच कायद्यात आहे. अमली पदार्थांच्या कायद्याचे कलम ५० अंगझडतीबद्दल आहे. राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती देण्याचा हक्क तुम्हाला आहे, हे त्या माणसाला आधी सांगावे लागते. १९९९ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बजावले की, हे सांगितले नाही तर अंगझडतीतली जप्ती संशयास्पद ठरेल आणि केवळ तिच्यावर उभी असलेली शिक्षा टिकणार नाही. तेव्हापासून या गुन्ह्यांच्या कागदपत्रांत कलम ५० चा परिच्छेद चुकत नाही. पळवाटा तरीही आहेत. हे कलम अंगझडतीपुरतेच आहे, पिशवी किंवा सामानाला ते लागू नाही. कागदावर हक्क समजावल्याचे लिहिणे आणि खरोखर समजावणे यांतही अंतर आहे. तरीही एक गोष्ट दिसते. जो नियम मोडल्यावर खटला कोसळतो, तो नियम यंत्रणा पाठ करते. पंचांच्या नियमाला तेवढे दात कधी मिळालेच नाहीत.

आता सांगितले जाते की कॅमेरा आला, पंचाचा प्रश्न मिटला. नव्या संहितेच्या कलम १०५ ने झडतीचे, यादी करण्याचे आणि पंचांच्या सह्यांचेही ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचे केले आहे. मोबाइलवरचे चालते. ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे. ही सुधारणा चांगली आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. पण कॅमेरा झडती घेणाऱ्याच्याच हातात आहे. तो कधी सुरू करायचा हे तोच ठरवतो, कुठे रोखायचा हेही तोच. चित्रण सुरू होण्याआधी खोलीत कोण शिरले होते, हे चित्रण सांगू शकत नाही. पंचाला उलटतपासणीत विचारता येते की, तू दारात कधी पोहोचलास, तुझ्याआधी आत कोण होते? कॅमेऱ्याला विचारता येत नाही. शिवाय ते चित्रण घरमालकाला जागेवर द्यावे, असे कलम १०५ म्हणत नाही. खटला उभा राहिला तर आरोपीला ते इतर कागदपत्रांबरोबर मिळू शकते. ज्याच्या घरात काहीच सापडले नाही, ज्याच्यावर आरोपपत्रच नाही, त्या निर्दोष माणसाच्या हाती मात्र काहीच येत नाही. घर उसकटले गेले, शेजाऱ्यांत नाचक्की झाली, आणि त्याची नोंद ज्यांनी हे केले त्यांच्याकडे.

म्हणून पंच हवाच. आणि तो खरा हवा. त्यासाठी संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही. दोनपैकी एक पंच, ज्याच्या घराची झडती आहे त्याने नाव सांगितलेला असावा. शेजारच्या दारातला, वरच्या मजल्यावरचा, पालावरचा. कलम १०३ यात कुठेच आड येत नाही. पंच स्वतंत्र, प्रतिष्ठित आणि त्याच वस्तीतला असावा एवढीच त्याची अट आहे. पोलीस महासंचालकांचे एक परिपत्रक यासाठी पुरे आहे. कोणाला बोलावले, तो का आला नाही, हे नावानिशी लिहावे. त्याला लेखी आदेश द्यावा. यादीची नक्कल पथक दाराबाहेर पडण्यापूर्वी घरमालकाच्या हाती पडावी आणि ती मिळाल्याची त्याची सही पंचनाम्यावर असावी.

आरोपी आपला साथीदारच पंच म्हणून सुचवेल, अशी हरकत येईल. सुचवू दे. पंचाला काही हलवायचे नसते, लपवायचे नसते, ठरवायचे नसते. त्याने फक्त पाहायचे असते. दुसरा पंच समोर आहे, चित्रण चालू आहे, पोलीस आहेत. कपाटात पिस्तूल असेल, तर शेजाऱ्याने पाहिल्यामुळे ते नाहीसे होत नाही. उलट घरमालकाने स्वतः निवडलेल्या माणसासमोर ते निघाले, तर त्याहून पक्का पुरावा कोणता? मग बाहेरून आणून ठेवल्याची ओरड न्यायालयात टिकणार नाही. यात नुकसान एकाच प्रकारच्या झडतीचे आहे. जी चार डोळ्यांसमोर होऊ शकत नाही, तिचे.

नागरिकांनीही आपल्या हातात काय आहे ते जाणून घ्यावे. वॉरंट न घेता, तपासाच्या निकडीने झडती घेताना अधिकाऱ्याला तिची कारणे आधी लिहून ठेवावी लागतात. नव्या संहितेच्या कलम १८५ नुसार ती ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे पाठवावी लागतात. घरमालकाने अर्ज केला, तर त्यांची प्रत दंडाधिकाऱ्याने विनामूल्य द्यायची असते. हा हक्क जुन्या संहितेतही होता. तो वापरला पाहिजे. आणि रात्री शेजारच्या घरी पोलीस आले, तर दिवा मालवू नये. दार उघडून विचारावे की, पंच हवा आहे का? मी येतो. हे उद्धटपणाचे नाही आणि बेकायदाही नाही. कायद्याला शेजाऱ्याकडून हेच अपेक्षित आहे.

न्यायालयांनी आपला वाटा उचलावा. कलम ५० ला जे बळ दिले, त्याचा थोडा अंश तरी पंचांच्या नियमाला द्यावा. वस्तीतला रहिवासी हाकेच्या अंतरावर होता, त्याला बोलावले नाही आणि कारणही लिहिले नाही, एवढे दिसले तरी ती जप्ती संशयास्पद धरली जावी. त्यापलीकडचा पुरावा सरकारपक्षाने आणावा. एवढे एकदा ठरले, की पोलिसांच्या गाडीत पंचासाठी राखलेली जागा रिकामी राहील आणि ठाण्याशेजारच्या टपरीवाल्याला कोणी उठवणार नाही. पंच कोणाचा, याचे उत्तर कायद्याने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी दिले आहे. ते अमलात आणण्याचे काम पोलीस प्रमुखांचे आणि न्यायाधीशांचे आहे. त्यांनी ते आता करावे.